मोबाईलशिवाय घासच जात नाही

प्रश्न: मुलगी ३ वर्षांची आहे, मोबाईल लावल्याशिवाय जेवत नाही, सासूबाई ताट घेऊन मागे फिरतात. काय करू? – एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, आधी ते मागे फिरणं बंद करा. स्क्रीनकडे बघताना पोट भरलं की नाही हे पोरांना कळतच नाही, आणि जेवायच्या आधी दूध-बिस्किट दिलं तर भूक लागणार कुठून? सगळ्यांसोबत बसवा, छोटी ताटली, वरणभात-तूप, लिंबू तिलाच पिळू दे (त्यातल्या सी व्हिटॅमिनने डाळीतलं लोह चांगलं अंगी लागतं), मेथी चमचाभरच वाढा. नवीन चव आवडायला कधीकधी ८-१० वेळा ताटात यावी लागते, त्यामुळे थुंकली तरी रागावू नका. किती खायचं ते तिला ठरवू द्या, आणि आजींनाही तिच्याशेजारीच जेवायला बसवा, गप्पा तर होतील!