लेखकाला विचार, हे कुठून कळलं

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

जेटीवर घेतलेल्या तीन पुस्तकांनी तुझी झोप उडवलीय, हे वाचून बरं वाटलं. एकात शिवाजी महाराजांच्या आरमारात ८५ गलबतं, दुसऱ्यात ४००, तिसऱ्यात ७००. तिन्ही लेखकांनी पदरचे पैसे घालून छापलेली, एकावर तर प्रकाशक म्हणून बायकोचं नाव आणि प्रस्तावना आमदारांची. आणि कॉलेजातले सर म्हणतात, असली पुस्तकं प्रकल्पात धरूच नकोस.

सरांचं सोड. आरमारावर लिहिणाऱ्या कोकणी माणसाला पुण्यातला प्रकाशक मिळेपर्यंत त्याची कवळी येते. स्वखर्चाने छापणं हा गुन्हा नव्हे आणि मोठ्या प्रकाशकाचं नाव हा पुरावा नव्हे. पुस्तक खरं की खोटं, हा प्रश्नच चुकीचा आहे. एक वाक्य घे, त्यावर बोट ठेव आणि विचार: हे याला कुठून कळलं?

८५ चं बघ. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज समुद्रमार्गे कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूर बंदरावर गेले, तेव्हाच्या कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रात ८५ लहान जहाजं आणि तीन मोठी असा उल्लेख येतो. म्हणजे हा एका स्वारीचा ताफा, अख्खं आरमार नव्हे. शेकड्यांतले आकडे येतात ते बखरींतून. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती महाराज गेल्यावर, १६९० च्या दशकात, तीही दूर तमिळ मुलखात जिंजीला. तो थापा मारतो असं मी म्हणत नाही. पण त्या आकड्यात गुराबा किती, गलबतं किती आणि मचवे किती? गुराबेवर तोफा असत, मचव्यातून सामान जाई. दोन्ही 'जहाज' म्हणून मोजली की आकडा कुठेही पोचतो. तुझे तिन्ही लेखक वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत आणि कुठून मोजलं ते एकानेही लिहिलेलं नाही. माझं डोकं फिरतं ते यानेच.

मुंबईजवळच्या खांदेरी बेटाचं तेच. एकात इंग्रजांशी झालेली समुद्रावरची लढाई १८ ऑक्टोबर १६७९, दुसऱ्यात २८, आणि तू दोन लढाया धरून बसलीस! इंग्रज तेव्हा जुनी कालगणना चालवत, पोर्तुगीज नवी. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडे. इंग्रजांनी आपली बदलली ती १७५२ साली. लढाई एकच, इंग्रजांची 'डोव्ह' ही गुराब ज्यात आपल्या हाती लागली ती. ज्या लेखकाने तारीख कुठल्या कागदातून घेतली ते सांगितलं असतं, त्याने तुझी एक संध्याकाळ वाचवली असती. आणि इंग्रजी कागद म्हणजे वेदवाक्य असंही समजू नकोस. जहाज गमावलेला माणूस वरिष्ठांना पत्र लिहितो, तेव्हा तो आधी स्वतःला सांभाळतो.

आता विजयदुर्गावरचं ते पातळ पुस्तक. त्यात ठोकून दिलंय की १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियम शोधला तो विजयदुर्गावरून. फलकांवर, भाषणांत, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे हेच. त्या साली लॉकियर इंग्लंडात होता. हेलियमची खूण ठरलेली सूर्याच्या प्रकाशातली पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तिथूनच पाहिली, आणि तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गावर तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तोवर रॅमझी या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये हेलियम प्रयोगशाळेत मिळवलासुद्धा होता. लेखकाने हे वाक्य दुसऱ्या पुस्तकातून उचललं, त्याने तिसऱ्यातून.

म्हणून पुस्तक फेकून देशील तर माझ्याशी गाठ आहे. त्याच पुस्तकात पावसाळ्याआधी गलबत किनाऱ्यावर कसं ओढतात, झापांनी कसं शाकारतात, नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात कसं लोटतात, यावर चार पानं आहेत. लेखकाचा बाप तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या होता, पोराने हे डोळ्यांनी पाहिलंय. कुठून कळलं, याचं उत्तर तिथे पानापानावर आहे. अशी चार पानं तुला विद्यापीठाच्या ग्रंथात मिळायची नाहीत. तीच चार पानं वाचून पुढचा प्रश्न सुचतो: भर आषाढात गलबतांची लढाई रंगवणाऱ्या लेखकाला हे कोणी सांगितलं? संशय घे, पण लगेच फुली मारू नकोस. खांदेरीवर महाराजांची माणसं उतरली तीही ऑगस्टअखेर, पाऊस सरला नव्हता तेव्हा.

तू म्हणशील, काका, इतकं कळतं तर तुमची वही का छापत नाही? घरातही हेच ऐकतो. मराठी आरमाराच्या आंग्रे-धुळप सरदारांवरची वही कपाटात आहे, छापखानेवाला दर गणपतीत विचारतो. काही वाक्यांपुढे 'कुठून?' असं पेन्सिलीने लिहिलेलं आहे आणि ते अजून खोडता आलेलं नाही. ज्यांना विचारायचं ती म्हातारी माणसं एकेक करून गेली, त्याची चुटपुट आहेच. पण तशीच छापली असती तर आज तुझ्यासारखी कोणी माझ्याच आकड्यावर प्रकल्प करत बसली असती. याला आळस म्हणायचं तर खुशाल म्हण.

पदरच्या पैशाने छापलेल्या पुस्तकाची एक सोय मात्र मोठ्या ग्रंथांना नाही: मागच्या पानावर लेखकाचा मोबाईल असतो. फोन कर. ७०० कुठून आले विचार. 'आजोबा सांगायचे' म्हणाला तर तसंच लिही, आजोबा कुठे काम करत तेही विचारून घे. अमुक बखरीचं नाव घेतलं तर पान विचार. चिडला तर तेही टिपून ठेव. फक्त हेलियमवाल्याशी बोलताना माझं नाव काढू नकोस, नाहीतर तो फोन ठेवेल.

काका