उकाड्याला दाट तेल?

प्रश्न : स्कूटरच्या पुस्तिकेत इंजिनासाठी १०डब्ल्यू-३० तेल आहे, पण म्हापशातला मेकॅनिक म्हणतो, गोव्याच्या उकाड्याला २०डब्ल्यू-५० घाला. ऐकू कुणाचं?

उत्तर : पुस्तिकेचं. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टसाठी, आपल्याकडे तो गौणच. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगतो, आणि इंजिनातलं तेल तापतं ते इंजिनामुळे, बाहेरच्या ३४ अंशांमुळे नव्हे. ५० घातलंत तर पिकअप मंदावेल, पेट्रोल जास्त जाईल. इंजिन जुनं, तेल खाणारं असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल, तरच ४०. डब्यावर ‘जासो एमबी’ बघा, ही स्कूटरच्या तेलाची जपानी मानकाची खूण. ‘एमए’ मोटरसायकलच्या ओल्या, म्हणजे इंजिनाच्याच तेलात भिजणाऱ्या क्लचसाठी. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढलीत आणि डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळ फेस दिसला, तर तेलात पाणी शिरलंय. स्टार्ट न मारता तेल बदला.