जुनी गरीब वस्ती पाडून तिथे सगळ्या उत्पन्नगटांसाठी घरं बांधली, तर परिसर खरंच सुधारतो का? आणि गरिबांच्या व बाजारभावाच्या घरांचं प्रमाण किती ठेवावं?

प्रमाणाचं आधी सांगतो, कारण सगळी चर्चा तिथेच अडकते. असा कोणताही हुकमी आकडा नाही. अटलांटातली टेकवूड होम्स ही अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशातून उभी राहिलेली पहिली सार्वजनिक (म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांची) वसाहत, १९३६ची. १९९६च्या ऑलिंपिकच्या सुमारास ती पाडून सेंटेनियल प्लेस बांधलं. तिथे ४० टक्के घरं अगदी गरिबांसाठी, २० टक्के मधल्या गटासाठी आणि ४० टक्के बाजारभावाने. त्याच शहरात ईस्ट लेकला निम्मी घरं सवलतीची, निम्मी बाजारभावाची ठेवली. बोस्टनच्या हार्बर पॉइंटमध्ये सुमारे १,२८३ घरांपैकी ४०० सवलतीची आहेत. प्रमाणं वेगवेगळी आहेत, तरी तिन्ही ठिकाणं टिकली. अशा प्रकल्पांचं खरं भवितव्य दोन गोष्टींवर ठरतं: पाडकाम आणि बांधकाम यांचा क्रम, आणि दर महिन्याच्या खर्चाचा हिशोब.

क्रमाबद्दल. सगळं आधी पाडायचं आणि मग बांधायचं, हे विकासकाला सोयीचं आणि रहिवाशांना घातक. शिकागोने २००० साली १० वर्षांत २५,००० घरं नवी बांधायचं किंवा दुरुस्त करायचं जाहीर केलं. उंच इमारती भराभर पाडल्या, बदली घरं मात्र बरीचशी नव्या घरांच्या विक्रीवर अवलंबून ठेवली. २००८ची मंदी आली, विक्री थांबली आणि मोकळे भूखंड वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. मधल्या काळात कुटुंबं पांगतात, मुलांच्या शाळा बदलतात, पत्ते हरवतात. पाच-सात वर्षांनी पत्र पाठवलं तर परत येणारे थोडेच उरतात, आणि मग 'लोकांनाच परत यायचं नव्हतं' असा अहवाल तयार होतो.

म्हणून पहिला टप्पा नेहमी रिकाम्या जागेवर घ्यावा: वसाहतीतलं मैदान, बंद पडलेली शाळा, वाहनतळ, शेजारचा सरकारी भूखंड. तिथे पहिली इमारत उभी करून जुन्या एका इमारतीतले लोक थेट तिच्यात हलवायचे, मग रिकामी झालेली इमारत पाडायची. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक कुटुंब एकदाच हलतं. काहींना बाहेर जावं लागणारच असेल, तर प्रत्येक कुटुंबाचा चालू पत्ता-फोन ठेवायला माणूस नेमा आणि त्याचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरा.

परतीचा हक्क लेखी हवा, आणि त्याच्या अटी पाडकामाच्या आधी गोठवलेल्या हव्यात. गोची इथेच होते. हक्क कागदावर असतो, पण नव्या इमारतीची पात्रता वेगळी लिहिली जाते: जुनी थकबाकी नको, कर्जाची नोंद स्वच्छ हवी. शिकागोच्या अनेक मिश्र वसाहतींत आठवड्याला ३० तास काम करण्याची अट होती. प्रत्येक अट सुटी पाहिली तर वाजवी वाटते, पण एकत्र लावल्या की यादी निम्मी होते. दुसरी गळती खोल्यांच्या संख्येतून होते. विकासकाला लहान घरं परवडतात, आणि जुन्या वस्तीत पाच-सहा माणसांची कुटुंबं असतात. बदली घरं मोजताना 'किती घरं' एवढंच न विचारता 'किती खोल्यांची किती घरं' हे विचारा. अमेरिकेत जुन्या सार्वजनिक वसाहती पाडून मिश्र वसाहती बांधण्यासाठी १९९२ नंतर राबवलेल्या होप सिक्स योजनेच्या काळात पाडलेल्या प्रत्येक घरामागे एक घर बांधायचा नियम १९९५ मध्ये स्थगित झाला, १९९८ मध्ये रद्दच झाला. गरिबांच्या घरांची संख्या घटण्याचं हे मोठं कारण. २०१० मध्ये आलेल्या चॉइस नेबरहुड्स योजनेत एकास एक बदलीची अट बहुतांशी परत आणावी लागली.

आता हिशोब. 'श्रीमंतांच्या भाड्यातून गरिबांचा खर्च निघेल' हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. कल्पित आकड्यांनी तपासू. १०० घरं, प्रत्येकाचा देखभाल, कर, विमा आणि दुरुस्ती निधी मिळून महिन्याचा खर्च ६०, म्हणजे एकूण ६,०००. बाजारभावाची ४० घरं १५० भाड्याने; ७ टक्के रिकामी धरली तर ५,५८०. मधली २० घरं ९० ने, १,८००. गरिबांची ४० घरं २५ ने, १,०००. जमा ८,३८०, शिल्लक २,३८०. बांधकामाला कर्ज देणारी बँक कर्जाच्या हप्त्याच्या १.२ पट शिल्लक मागते, म्हणून हप्ता साधारण १,९८०. कागदावर सगळं छान. आता बाजारातल्या घरांपैकी चौथा हिस्सा रिकामा पडू द्या: ५,५८० चे ४,५०० होतात, शिल्लक १,३०० वर येते आणि हप्ता थकतो.

अशा वेळी व्यवस्थापक काय करतो? लिफ्टचा करार लांबणीवर टाकतो, रखवालदार कमी करतो. ते दिसलं की बाजारभावाने राहणारे आधी सोडून जातात, कारण त्यांना पर्याय असतो. मग आणखी घरं रिकामी. यावर उपाय एकच: गरिबांच्या प्रत्येक घराचा खर्च आणि भाडं यांतला फरक (इथे ३५, म्हणजे ४० घरांचे १,४००) सरकारने लेखी कराराने, दीर्घ मुदतीसाठी भरायचा, आणि कर्जाची रक्कम ठरवताना तो जमेत धरायचा नाही. मग वाईट वर्षातही शिल्लक २,७०० राहते.

आराखड्याचं थोडक्यात: बाहेरून कोणतं घर कोणाचं हे ओळखू येता कामा नये. एकच दार, एकच जिना, त्याच खिडक्या. स्वस्त घरांचे क्रमांक कायमचे ठरवू नका, संख्या ठरवा. एखाद्याचं उत्पन्न वाढलं तर तो आहे तिथेच पूर्ण भाडं भरेल आणि पुढचं रिकामं होणारं घर सवलतीचं होईल. जुन्या वसाहतींनी बंद केलेले रस्ते पुन्हा शहराच्या रस्त्यांना जोडा. शाळेचं काम घरांबरोबरच सुरू करा, कारण मुलं असलेली मध्यमवर्गीय कुटुंबं शाळा पाहूनच येतात. ईस्ट लेकला ड्रू चार्टर स्कूल २००० मध्येच सुरू झाली.

शेजारी एकमेकांत मिसळतील ही अपेक्षा मात्र कमी ठेवा. नमस्कार-चमत्कारापलीकडे फारसं जात नाही, आणि भांडणं ठरलेली असतात: पायऱ्यांवर बसणं, मुलांचा आवाज, पाहुण्यांच्या गाड्या. घरमालकांच्या संघटनेत भाडेकरूंना मत नसेल तर सगळे नियम एकाच बाजूने लिहिले जातात. हार्बर पॉइंटमध्ये भाडेकरूंच्या संस्थेला विकासकाबरोबर बरोबरीचा वाटा दिला होता, तो नमुना अभ्यासण्यासारखा आहे.

मग परिसर सुधारतो का? इमारती आणि रस्ते सुधारतात, चांगल्या चाललेल्या ठिकाणी गुन्हेही घटतात. मोठ्यांचं उत्पन्न केवळ शेजार बदलल्याने वाढत नाही. मुलांचं वेगळं आहे: अमेरिकेत १९९४ पासून चाललेल्या एका प्रयोगात १३ वर्षांखालील मुलं कमी गरिबीच्या भागात गेली, तेव्हा मोठेपणी त्यांची कमाई सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. ती मुलं दुसरीकडे राहायला गेली होती, पुनर्विकासात राहिली नव्हती, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वापरा.

जनसुनावणीला जाणार असाल तर पंधराव्या वर्षाचा खर्च विचारा. स्वस्त घरांत पैसे घालणाऱ्यांना करात सूट देणाऱ्या अमेरिकेतल्या १९८६ च्या योजनेत गुंतवणूकदाराचं बंधन १५ वर्षांचं असतं, आणि छप्पर, पाण्याचे पंप, लिफ्ट हे सगळं साधारण त्याच सुमारास बदलायला येतं. दर घरामागे दुरुस्ती निधीत दरमहा किती जमा होणार, तो कोणाच्या सहीने निघणार, आणि गुंतवणूकदार बाहेर पडल्यावर जमीन कोणाच्या नावावर राहणार, याची लेखी उत्तरं मागा. जमीन सार्वजनिक मालकीची ठेवून दीर्घ भाडेपट्ट्याने दिली असेल, तर स्वस्त घरं बाजारभावाने विकायला वाव फार कमी उरतो.