हर्णैला जा, पण लिलावाची वेळ साधून

प्रश्न : नाताळच्या सुटीत कोरेगावहून आमच्या गाडीने कोकणात जायचं म्हणतोय. गणपतीपुळे, मालवण झालं. यंदा मुलांना जुनं, खरंखुरं कोळ्यांचं गाव दाखवायचंय. पण बरोबर सासूबाई आहेत आणि त्या माळकरी. मासळीच्या गावात त्यांची पंचाईत होईल का? शिवाय धाकट्याला घाटात गाडी लागते.
– एक वाचक भगिनी, कोरेगाव

उत्तर : ताई, दापोलीजवळच्या हर्णै बंदराला जा. माझं माहेर दापोलीचं, सासर साताऱ्याचं, त्यामुळे हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

सातारा, मेढा, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेड, दापोली. सहा तास तरी धरा. पहाटे निघा, आंबेनळी अंधारात उतरू नका. धाकट्याला रिकाम्या पोटी नको, पण भरल्या पोटीही नको. पोटभर नाश्ता पोलादपूरला.

दुपारी मुक्कामी पोचून जरा पडा आणि चारच्या सुमारास बंदर गाठा. मोठ्या बोटी लांब पाण्यातच उभ्या राहतात. त्यांच्यावरची मासळी छोट्या होडीत, आणि उथळ पाण्यात होडीवरून बैलगाडीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, लाट आली की मान वर करतात, जागचे हलत नाहीत. आपल्याकडच्या मुलांनी बैल उसाच्या फडात पाहिलेले. समुद्रातले त्यांना पाहू द्या. मग ओल्या वाळूवर ढीग पडतात: पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. आकडा पुकारला जातो, भोवती पाट्या घेऊन बायका उभ्या, आणि बघता बघता ढीग तुटतो. त्या बायकांच्या हिशेबावर कितीतरी घरं चालतात. तेव्हा गाड्यांची वाट सोडून उभं राहा आणि विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका. डिसेंबर चांगला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हे काही दिसत नाही.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला. मुलांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगा, कारण ती आपल्या साताऱ्याचीही आहे. १७१३ साली कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, कायम झालं. पुढे १७५५ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा तुळाजी याच्याकडून हा सुवर्णदुर्ग घेतला गेला, तो पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन. घरचं भांडण मिटवायला इंग्रजांची जहाजं बोलावली, याचं मला फार वाईट वाटतं, आणि मुलांनाही ते कळायला हवं. किल्ल्यावर होडी जाते ती भरती-ओहोटी पाहून. आदल्या संध्याकाळी बंदरावरच वेळ विचारून ठेवा, लाईफ जॅकेट नसेल तर चढू नका, पाणी बरोबर घ्या. दरवाजाच्या पायरीवरचं कासव आणि तटावरचा मारुती मुलांना शोधायला लावा.

आता सासूबाई. मुक्काम हर्णैत न करता आंजर्ले किंवा मुरूडला करा. दोन्ही गावं जवळ आहेत आणि तिथे घरगुती शाकाहारी जेवण मिळतं. स्वयंपाकघर वेगळं आहे का, हे फोनवरच स्पष्ट विचारा, संकोच नको. लिलावाच्या वेळी त्यांना ओढत नेऊ नका. वास त्यांना सोसणार नाही आणि तुमचंही लक्ष लागणार नाही. एकाने त्यांच्याबरोबर थांबावं. सुके बोंबील, सोडे घ्यायचा मोह होईल, पण त्या गाडीत असताना या खेपेला राहू द्या.

त्यांच्यासाठी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहेच, गाडी वरपर्यंत जाते. पण विठ्ठलाच्या माणसाला आसूदचा केशवराज खरा भावेल. विष्णूचं जुनं देऊळ, गर्द झाडीत. सुपारीच्या बागांतून खाली उतरायचं, पुलावरून ओढा ओलांडायचा आणि पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखत असतील तर आग्रह करू नका. गणपतीचं दर्शन पुरे.