इटालियन सुधारण्यासाठी एक सत्र इटलीत जाऊन शिकावे का?

मुंबईत ए२ पातळी (युरोपीय भाषा-मापनातील प्राथमिक पातळी) पूर्ण केल्यानंतर एका सत्रासाठी इटलीला जाणे उपयोगी ठरेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मात्र शक्य असल्यास बी१, म्हणजे तिच्या पुढची मध्यम पातळी, येथेच गाठून मग निघावे. मी दादरला इटालियन शिकवते, आणि माझा अनुभव असा की ए२ वर गेलेले विद्यार्थी अडखळताच इंग्रजीचा आधार घेतात, तर बी१ वर गेलेले दुकानदाराशी, घरमालकिणीशी इटालियनमध्येच बोलत राहतात आणि खरी प्रगती त्या बोलण्यातूनच होते. म्हणूनच, जिथे इंग्रजीवर सहज भागते अशा मिलानसारख्या मोठ्या शहरापेक्षा पेरूजा किंवा सिएना ही लहान शहरे मी सुचवीन. या दोन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विद्यापीठे आहेत. उच्चारांची चिंता करू नये, कारण इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, आणि 'नोनो' म्हणजे नववा व 'नोन्नो' म्हणजे आजोबा हा भेद 'पता' आणि 'पत्ता' वेगळे ऐकणाऱ्या मराठी कानाला सहज कळतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: मुक्काम 90 दिवसांहून अधिक असल्यास राष्ट्रीय म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो, आणि तेथे पोहोचल्यावर 8 कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी, म्हणजे 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो'साठी, अर्ज करावा लागतो, त्यामुळे कागदपत्रांची तयारी काही महिने आधीच सुरू करावी.