कोकण किनारा सायकलने करताना फेरीबोट घेतली तर राईड पूर्ण झाली म्हणायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ५२, मुंबईत नोकरी, मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवायची आहे. सायकल कुठली, दिवस किती, मधल्या फेरीबोटींनी राईड ‘तुटते’ का, आणि हे जमलं तर पुढे परदेशातही एखादी राईड करता येईल का. प्रश्न चार आहेत. मी तिसऱ्यासाठी लिहायला बसलोय, बाकीचे मध्ये येतील तसे.

नाही तुटत.

हे खूळ तुमच्या डोक्यात कोणी घातलं ते मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यात घालायचा प्रयत्न हिच्या धाकट्या भावाने केला होता. २०१६ च्या डिसेंबरात. तेव्हा मी बरोब्बर तुमच्या वयाचा होतो.

मेहुणा पुण्याचा आणि ब्रेव्हेवाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याच्या राईडी पूर्ण करणारा. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, असला हिशेब. एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केले की सुपर रँडोनर म्हणतात, तो हा झालेला. मी टेलिफोन खात्यातला. खांब, तारा आणि तक्रारींच्या मागे सायकल हाणत अर्धा रत्नागिरी जिल्हा पालथा घातलेला, पण घड्याळ लावून कधी नाही. हिचं माहेर दापोलीजवळ. नाताळच्या सुट्टीत तो तिथे आलेला, मीही होतो. ठरलं की दोघांनी दापोलीहून रत्नागिरीला सायकलने जायचं. पहिल्या दिवशी दाभोळ, खाडी ओलांडून धोपावे, गुहागरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी तवसाळ, परत खाडी, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत घर.

साडेनऊला दाभोळच्या जेटीवर पोचलो. ओहोटी होती. ओहोटीला जेटीचा उतार खालपर्यंत उघडा पडतो आणि शेवटच्या आठ-दहा फुटांवर हिरवं शेवाळ असतं, तिथे सायकलवरून उतरून चालायचं. (हे लक्षात ठेवा. मी एकदा तिथे बसलोय, कमरेवर.) बोट आली, पुढची लोखंडी फळी साखळीवर करकरत खाली आली आणि धाडकन आपटली. पलीकडून आलेल्या गाड्या उतरल्या. मी तिकीट काढून सायकल कठड्याला टेकवली, खलाशाने तिला नायलॉनच्या दोरीचा एक वेढा मारला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “कितीला पडली?” मागे वळून बघतो तर मेहुणा वरच उभा, मनगटाकडे बघत.

“भावोजी, रेषा तुटेल.”

“कसली रेषा?”

त्याच्या घड्याळात म्हणे आपण गेलो त्या वाटेची नकाशावर रेषा उमटते. पाण्यावरचं अंतर इंजिनाने कापलेलं, पायांनी नाही. मग ते आपलं कसं? नंतर कोणी विचारलं तर काय सांगायचं?

“कोण विचारणार आहे?” मी म्हटलं.

त्याला उत्तर नव्हतं, पण पुणेकराला उत्तर नसलं तरी मत असतंच. तो वळसा घालून येतो म्हणाला. दाभोळहून परत दापोली, दापोलीहून खेड, खेडहून चिपळूण आणि चिपळूणहून गुहागर. सव्वाशेच्या वर किलोमीटर, तेही भर डिसेंबरात, दिवस मावळायची घाई असते तेव्हा. फळी उचलायची वेळ झाली, खलाशी दोघांकडे आळीपाळीने बघतोय. मी गेलो.

आता माझं म्हणणं सांगतो, म्हणजे ही नुसती हटवादी गोष्ट वाटणार नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि काही वर्षं त्यांची शाळा जयगडच्या खाडीपलीकडे होती. तेव्हा फेरीबोट नव्हती, ‘तर’ होती, म्हणजे खाडी ओलांडायची होडी. सकाळच्या तरीला जायचं, सायकल होडीत आडवी झोपवायची, पुढचं चाक काठाबाहेर राहायचं आणि वाऱ्याने पाण्यावर आपोआप फिरत असायचं. तांडेल भाडं घ्यायचा, माणसाचं वेगळं आणि सायकलचं वेगळं. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, त्यातलं ते फिरणारं चाक तेवढं मला स्पष्ट आठवतं. शाळेत “मास्तर कसे आले?” म्हणून विचारलं असतं तर कोणीही “सायकलने” असंच सांगितलं असतं. कोकणात खाडी हा रस्त्याचाच तुकडा आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या काय तुमच्या घड्याळाला विचारून समुद्राला मिळाल्या? किनारा धरून जायचं म्हणजे तरीने जायचं. चिपळूणवरून जो गेला त्याने किनारा सोडला. मग राईड कोणाची तुटली?

असो. मी साडेअकरापर्यंत गुहागरात होतो. जेवलो, झोपलो, व्याडेश्वराला जाऊन आलो, संध्याकाळी समुद्रावर बसलो. साडेआठला फोन. मार्गताम्हाण्याच्या पुढे, मिट्ट काळोखात, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकून चाकात गेलेला, तीन स्पोक तुटलेले. पाणी संपलेलं. “भावोजी, काही होईल का?” ओळखीतल्या एकाचा टेम्पो होता, काजूची पोती उतरवून दोघं गेलो. मेहुणा रस्त्याकडेला दगडावर बसलेला, डोक्यावरचा दिवा चालू, त्याभोवती किडे. सायकल मागे टाकली, तो पुढे आमच्यामध्ये बसला. कोणी काही बोललं नाही. गुहागरात उतरताना त्याने मनगटावरचं बटण दाबलं, पीक करून आवाज झाला.

घड्याळ चालूच होतं. त्याची रेषा सलग आहे. तिच्यातले शेवटचे वीसेक किलोमीटर टेम्पोचे आहेत, पण रेषा सलग आहे.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने पुण्याला गेला, मी एकटाच तवसाळची बोट पकडून घरी आलो. नंतर घरातल्या एका मुंजीत त्याने पंगतीत तो नकाशा सगळ्यांना दाखवला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “भावोजी बोटीने आले.” सगळे हसले. मीही हसलो. टेम्पोचं बोलू नका असं हिने आदल्या रात्रीच बजावलेलं. तेव्हापासून गप्प आहे. आज तुम्ही विचारलंत.

परदेशाचं विचारलंत ते याच ओघात सांगतो. मुलगी नोकरीला ओसाकाला होती, २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. तिथे शिमानामी काइदो म्हणून सायकलवाल्यांत जगभर नाव असलेला रस्ता आहे, ओनोमिची ते इमाबारी, साधारण सत्तर किलोमीटर, सहा बेटं आणि त्यांना जोडणारे समुद्रावरचे पूल. पूल १९९९ मध्ये सलग झाले. बंदराजवळ भाड्याने सायकल घेतली. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली असते, ती धरून जायचं, अधूनमधून किती किलोमीटर उरले ते लिहिलेलं. आणि ती राईड सुरू कशाने होते माहीत आहे? फेरीबोटीने. ओनोमिचीहून पहिल्या बेटावर जाणारा पूल आहे, पण तो अरुंद, गाड्यांची गर्दी, म्हणून सायकलवाल्यांनी बोटीनेच जावं असं ते लोक स्वतः सांगतात. पाच मिनिटांची बोट. पट्टीच्या पिशवीत सुटे पैसे घेऊन एक म्हातारा फिरत होता. माणसाचे शंभर येन आणि सायकलचे वर दहा.

सायकलचे वेगळे. मी त्या दहा येनच्या नाण्याकडे बघत बसलो होतो. मुलीला वाटलं मला पैसे कळले नाहीत. बोटीचा फोटो मेहुण्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून यायचंय.

तो रस्ता मी दोन दिवसांत केला, मध्ये सेतोदाला मुक्काम. ही आणि मुलगी सामान घेऊन पुढे गेल्या होत्या. लोक एका दिवसात करतात, करोत. पण त्या बेटावर लिंबाच्या बागा डोंगरउतारावर अशा लावल्यात की पावस गावातल्या आंब्याच्या कलमांची आठवण यावी, तिथून पळत सुटायचं काय कारण? सगळ्यात हेवा वाटला तो पुलांवर चढायच्या रस्त्यांचा. समुद्राच्या पातळीवरून उंच पुलावर जायचं, पण सायकलचा रस्ता वेगळा काढून त्याला तीन टक्क्यांच्या आसपास चढ ठेवलाय, फिरत फिरत वर नेतात. दम लागतच नाही. शेवटचा कुरुशिमाचा पूल चारेक किलोमीटरचा आहे, खाली भोवरे दिसतात. पहिल्यांदा परदेशात जाणार असाल तर मी जपानच सांगेन, कारण तिथेही आपल्यासारखं डावीकडून चालतात. युरोपात बहुतेक ठिकाणी उजवीकडून, पहिले दोन दिवस प्रत्येक चौकात जीव मुठीत, असं जाऊन आलेला मित्र सांगतो. तो डॅन्यूबच्या काठाने पासाउ ते व्हिएन्ना गेला होता, सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, बहुतेक सपाट. आणि मध्ये श्लोगेनच्या वळणाशी सायकली पलीकडे न्यायला छोट्या बोटी. मी काही बोलत नाही.

स्वतःची सायकल विमानाने न्यायच्या भानगडीत पहिल्या खेपेला पडू नका. खोक्यात भरायची, पेडल काढायची (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथे भले भले पाना मोडतात), आणि उतरल्यावर वाकलंय काय ते शोधायचं. भाड्याने घ्या.

आता तुमची कोकणची राईड. मांडवा ते तेरेखोल पाचशेच्या वर किलोमीटर धरा, किती गावांत आत शिरता त्यावर आकडा बदलतो. आठ-नऊ दिवस काढा. दिवसाला साठ-सत्तर. हे आकडे सपाटीवर हास्यास्पद वाटतील, पण इथे सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, उतरून खाडीत यायचं आणि पलीकडे तेवढीच घाटी चढायची, हे दिवसातून तीन-तीनदा होतं. उंची फार नसते, चढ मात्र उभा असतो. म्हणून सायकल कुठल्या कंपनीची हे गौण. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांचे दात जवळपास सारखे आहेत का एवढंच दुकानात मोजा. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे. पुण्यात मिळतात ते काडीसारखे टायर जांभ्याच्या रस्त्यावर आणू नका.

उत्तरेकडून दक्षिणेलाच या. हिवाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तो पाठीशी राहतो. उलट निघालात तर दुपारभर तोंडावर. बारा ते तीन चालवूच नका, तेवढ्यात कुठल्यातरी घरगुती खाणावळीत सोलकढी-भात होतो आणि अंगणात पडायला जागा मिळते. मुंबईहून मांडव्याला भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट आहे, तिच्यात सायकल नेता येते. म्हणजे राईड सुरूच बोटीने होणार, तेव्हा पहिल्याच दिवशी मनातली ती ‘तुटते का’ची पीडा सोडवून टाका. पुढे आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. रत्नागिरीच्या खाली बहुतेक पूल आहेत, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी गावात विचारून घ्या, मोबाईलवर दिसते तिच्यावर जाऊ नका. रेवस–रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवरही पूल व्हायचे आहेत. झाले की मेहुणा पुन्हा येईल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. गुडघा दुखत असेल तर निघण्याआधी डॉक्टरला दाखवा, निघाल्यावर नाही. ब्रेकचे पॅड नवे टाका आणि जोडी बरोबर ठेवा, चढापेक्षा उतार वाईट. आणि ब्रेव्हे वाईट असं माझं म्हणणं नाही, तो वेगळा खेळ आहे आणि मेहुणा त्यात खरोखर चांगला आहे. रात्री दिवा आणि चमकणारं जाकीट याशिवाय घराबाहेर पडायचं नाही हे मला त्यानेच शिकवलं. परतीला सायकल रत्नागिरी किंवा कुडाळ स्टेशनात पार्सलमध्ये टाकता येते, पण गाडीच्या बऱ्याच आधी जा.

रत्नागिरीवरून जाताना कळवा. पंप आहे, जादा ट्यूब आहे, चहा होईल. फक्त मेहुण्याचा विषय काढू नका, ही घरातच असते.