डिझेल गळतंय, पण कुठून?

प्रश्न : माझ्या डिझेल कारखाली रात्रभरात तळहाताएवढा डाग पडतो. सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो, दिवसा मात्र गाडी लगेच सुरू होते. मागच्या महिन्यात डिझेल फिल्टर बदलला आहे. गळती घरी शोधता येईल का?

उत्तर : येईल. पहिला संशय फिल्टरवरच घ्या. गाडी उभी असताना डिझेल पाझरतं, त्या जागी हवा शिरते आणि सकाळी पंपाने हवा धरलेली असते. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) खोबणीत तशीच राहते आणि तिच्यावर नवी बसते, किंवा खालचा पाणी काढायचा स्क्रू नीट बसत नाही. हे नेहमीचंच आहे.

थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. डिझेल पाईपच्या अंगाने ओघळत जातं, खालच्या प्लॅस्टिक कव्हरवर साचतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून आधी कव्हर काढा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावाच. इंजिन थंड असताना अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, फिल्टर, होज आणि क्लिपा डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरड्या करा. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी पावडरीत ओली, काळपट रेघ दिसेल. तिचं सर्वांत वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

रेघ दिसली नाही तर फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या होजमध्ये त्याच व्यासाचा, डिझेलला टिकणारा पारदर्शक पाईप तात्पुरता जोडा. सुरू केल्यावर एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर होज, क्लिप किंवा ओ-रिंग हवा ओढते आहे. टाकीतच पंप असलेल्या गाड्यांत ही लाइन दाबाखाली असते, तिथे इंजिन चालू असतानाच गळती दिसते. इंजेक्टरवरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावरच्या) बारीक रिटर्न होजचंही, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीचंही, तसंच.

रेल (सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी नळी) आणि इंजेक्टरमधल्या स्टीलच्या पाईपांना मात्र हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. न दिसणारी धार कातडीत घुसली तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. चालू इंजिनवर बोट फिरवून ओल शोधायची नाही, नट सैल करायचा नाही. तिथे ओल दिसली तर इंजिन बंद करा, पुढचं काम मेकॅनिकचं.

प्रश्न : खाली थेंबही नाही, पण डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढते आहे आणि ऑइलला डिझेलचा वास येतो.

उत्तर : गळती आत आहे. काही इंजिनांत हाय प्रेशर पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतं, काहींत गळक्या इंजेक्टरमधून. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळेही, म्हणजे ती काजळी जाळण्याच्या कामामुळेही, हेच होतं. सतत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तर जास्तच. पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर गाडी सुरू करू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात, आणि जास्तीचं ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.